डावीकडची खुर्ची

"थांब, थांब. आता खुर्ची वाजंल."

असं म्हणून चाचा हात वर धरायचे, चौकात गाड्या अडवल्यासारखा. आम्ही श्वास रोखायचो. लाकडी गिटारीचे चार सूर पडायचे, गाणारा जरासा खाकरायचा आणि डावीकडच्या स्पीकरमधून बारीक 'कर्र' असा आवाज यायचा.

"वाजली! जगभर गाजल्याली माणसं, आन् बसाया मोडकी खुर्ची!"

शंभरदा ऐकलेल्या त्या कर्र आवाजाचा त्यांना दर वेळी नवा आनंद व्हायचा.

उरवड्याच्या एका कारखान्यात ते प्रेस शॉपला होते. पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढणाऱ्या धिप्पाड प्रेस असतात, त्यांत साचे बसवायचं काम त्यांचं. मी नांदेडहून तिथं सेफ्टी ऑफिसर म्हणून आलो, तेव्हा त्यांची निम्मी हयात त्या दणदणाटात गेली होती. सगळे त्यांना चाचा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. कारखान्यात ते मला 'साहेब' म्हणायचे आणि सुट्टीच्या दिवशी 'गड्या'.

ओळख झाली ती शिट्टीमुळे. एकदा बोल्ट आवळताना ते शिट्टीवर एक चाल वाजवत होते. मी जागीच थांबलो. कॉलेजपासून मी ज्या विलायती रॉक बँडच्या नादी लागलो होतो, त्याच बँडची ती चाल होती. हा बँड विजेच्या गिटारींच्या गदारोळासाठी प्रसिद्ध. पण एका अल्बमपुरत्या त्यांनी त्या गिटारी बाजूला ठेवल्या. लाकडी गिटारी, तोंडानं वाजवायचा बाजा, अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांच्या चाली आणि तिथल्या काळ्या मजुरांचे ब्लूज, एवढ्यावर अख्खा अल्बम केला. बँडचे बरेच चाहते तो ओलांडून पुढं जातात. त्यामुळे ज्यांना तो आवडतो ते एकमेकांना भेटले, की लांबचे नातेवाईक सापडल्यासारखं होतं. तुम्हीही असं कुणाला तरी अवचित भेटला असाल.

"हे तुम्हाला कुठं सापडलं?" मी विचारलं.

"मोठी प्रेस बसवाया एक गोरा इंजिनेर आल्ता. दोन म्हैनं मी त्येच्या हाताखाली. जाताना कॅसेट दिली," ते म्हणाले. "मशीनसंगं आली म्हना की."

मग दर रविवारी दुपारी मी पौडला त्यांच्या घरी जाऊ लागलो. माझी अमरावतीची मैत्रीण प्राची हिंजवडीत आयटीत होती. तीही स्कूटरवरून यायची. कारखान्यातल्या खोक्यांच्या फळ्यांतून चाचांनी दोन स्पीकर बनवले होते. ते पडवीच्या दोन टोकांना ठेवलेले. आणि बसून ऐकायची सोयच नाही! गिटार डावीकडून आली की चाचा डावीकडं चालू लागायचे, बाजा उजवीकडून आला की वळून उजवीकडं. मागोमाग आम्ही.

"अवो, बसू द्या की जरा त्यांना. पाव्हन्यांना बी पळवताय," चहा घेऊन आलेल्या चाची म्हणायच्या.

"बसून ऐकायची चीज न्हाई ही. ह्ये चालनाऱ्या मान्सांचं गानं हाय."

प्राची एकदा म्हणाली, "चाचा, लिरिक्सचा अर्थ सांगू का? मस्त आहेत."

"नगं. तू सांगितलास की तेवढाच उरंल."

असा वर्षभराचा आमचा रविवार. मग प्राचीनं त्या अल्बमची नवी, खरखर काढून साफ केलेली प्रत आणली. चाचा खूश. ते गाणं लागलं, त्यांचा हात वर गेला. गिटारीचे चार सूर, खाकरणं, आणि कर्र. जुन्या कॅसेटपेक्षा कितीतरी स्वच्छ.

चाचांचा हात तसाच वर होता.

"खुर्ची काढली ह्येंनी," ते म्हणाले. "साफ करता करता खुर्ची बी झाडून टाकली."

प्राचीनं माझ्याकडं पाहिलं. मी तिच्याकडं. चाचांनी तणतणत कॅसेट लावली, डाव्या स्पीकरपाशी उकिडवे बसले, गाणं तीनदा मागं नेलं. खुर्ची तिन्ही वेळा वाजली.

"टेप झिजली," ते म्हणाले आणि उठून येरझाऱ्या घालू लागले. प्राचीनं नवी प्रत गुपचूप पिशवीत टाकली.

पुढच्याच आठवड्यात फोर्कलिफ्ट डाव्या बाजूनं मागं येत होती. ड्रायव्हर हॉर्न मारत होता आणि चाचा आपल्याच तंद्रीत चालत राहिले. मी दंडाला धरून ओढलं म्हणून वाचले. "बघत न्हाईत लेकाचे," असं ड्रायव्हरवरच करवादले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दरवर्षी कारखान्यात कान तपासणारी गाडी यायची. काचेच्या छोट्या खोलीत हेडफोन लावून बसायचं, आवाज आला की हातातलं बटण दाबायचं. चाचा दरवर्षी पास. कसे, ते आता माझ्या लक्षात आलं. काचेतून तपासणाऱ्याचा हात दिसतो. तो हलला की हे दाबत असणार.

त्या वर्षी गाडी आली, तेव्हा मी तपासणाऱ्याला काचेच्या खोलीतली खुर्ची भिंतीकडं फिरवायला सांगितलं. चाचांना काही सांगितलं नाही.

मी बाहेरून बघत होतो. बटण दाबलं की तपासणाऱ्याच्या टेबलावर दिवा लागायचा. आवाज सोडला, दिवा नाही. जरा मोठा सोडला, तरी नाही. मग कुठलाच आवाज सोडलेला नसताना दिवा लागला. पुन्हा लागला. मग भराभर लागू लागला. पाठमोऱ्या चाचांची मान ताठ होती आणि अंगठा नुसता धावत होता.

बाहेर आले तेव्हा त्यांना घाम फुटला होता.

"डावा कान बराच गेलाय, चाचा," मी अहवालात लिहीत म्हणालो.

"तुला कवापास्नं म्हाईत?" कारखान्यात त्यांनी मला पहिल्यांदाच एकेरीत विचारलं.

मला खोटं बोलता आलं नाही. "खुर्ची ऐकू आली नाही तेव्हापासून."

त्यांनी कपाळावरचा घाम बाहीनं पुसला. मग म्हणाले, "माज्या घरात ऐकलंस, आन् हितं लिवलंस."

अहवालावरून त्यांना पॅकिंगला टाकलं. काम हलकं होतं, पण त्यांचं पाऊल तिथं ठरेना. दहा वेळा प्रेस शॉपच्या दारापर्यंत यायचे आणि परत फिरायचे. मी बरोबरच केलं होतं, असं मी स्वतःला सांगत होतो आणि रविवारी पौडला जायचं टाळत होतो.

चौथ्या रविवारी त्यांचाच फोन आला. "डावीकडं कोन हुबं ऱ्हानार? ये."

गेलो. त्यांनी मला डाव्या स्पीकरपाशी उभं केलं आणि उजवा कान माझ्याकडं केला. "सांग, काय चाललंय."

"गिटार."

"त्ये मला बी ठावं हाय! चढतिया का उतरतिया?"

"उतरतेय... थांबली... आता दोन गिटारी."

"दुसरी कशी?"

"पहिलीच्या मागून, जरा लंगडत."

"आता कसं!" ते खुलले. मग कित्येक रविवार मी ओरडून ओरडून त्यांना तो अल्बम सांगितला. माझा घसा बसायचा. प्राची हसून लोळायची. पण त्या तपासणीबद्दल ना ते काही बोलले, ना मी. रोज ठरवायचो, आज बोलायचं. रोज राहून जायचं.

उजवा कानही उतरू लागला, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. लेक माणगावला दिलेली, दोघं तिच्याकडं राहायला निघाले. पौडच्या स्टँडवर मी पोचवायला गेलो. चाचा खिडकीत बसले, शेजारी चाची. सारखे उठून पिशव्या मोजत होते, पुन्हा बसत होते. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं.

मी खिडकीचा गज धरला. "चाचा, त्या दिवशी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

त्यांनी माझ्या तोंडाकडं नीट पाहिलं आणि प्रेमानं मान हलवली. "व्हय व्हय, जेवूनच निघालोय. तू बी येळेवर जेवत जा."

गाडी हलली. मी तिच्याबरोबर चार पावलं चाललो आणि थांबलो. चाचींना मात्र ऐकू गेलं होतं. त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. गाडी ताम्हिणीच्या रस्त्याला वळताना त्या चाचांच्या उजव्या कानाशी वाकलेल्या दिसल्या.