सगळे फोन बंद, तरी एक चालू

त्या प्रकरणाची आठवण निघाली की अजूनही मला एका जागी बसवत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांची आठवण येते आणि जाते. हे प्रकरण त्या मानाने किरकोळ. ना रक्त, ना हत्यार. तरी ते आठवलं की मी उठून घरात येरझाऱ्या घालायला लागतो, आणि बायको म्हणते, ‘‘आलं वाटतं पुन्हा लालबाग डोक्यात.’’ नावं कुणाचीच सांगणार नाही. ज्या मुलावर संशय आला, त्याला आपण बंड्या म्हणू.

दिवाळी होऊन काही दिवस झाले होते. लालबागच्या एका चाळीतली मुलगी वडिलांबरोबर आमच्या पोलीस ठाण्यात आली. शाळेत शिक्षिका, साखरपुडा झालेला, नवरामुलगा प्रभादेवीचा. कुणीतरी खोट्या नावानं खातं उघडून तिच्या होणाऱ्या नणंदेला घाणेरडे मेसेज पाठवत होतं. मुलीचं बाहेर प्रकरण आहे, घरच्यांनी दडवलंय, लग्न करून फसाल. मेसेजमध्ये घरातल्या अशा गोष्टी होत्या, की लिहिणारा जवळचाच असणार हे उघड होतं. मुलगी शांत होती. वडील मात्र टेबलावर मूठ आपटत होते.

‘‘साहेब, त्याला आधी आत टाका.’’

‘‘कुणाला? अहो, नाव तर कळू द्या.’’

गुन्हा दाखल केला, अज्ञात इसमाविरुद्ध. मेसेज गेले त्या वेळी इंटरनेट कुठल्या घरातून वापरलं गेलं, याची माहिती सायबरवाल्यांकडून आली आणि मी खुर्चीत सरळ झालो. त्याच चाळीत, त्याच मजल्यावर, मुलीच्या अगदी शेजारची खोली. भिंतीला भिंत.

त्या घरात तिघं. बाप गिरणीतून निवृत्त झालेला, आई आणि बंड्या. बाप त्या वेळी गावी गेला होता, भातकापणी बघायला. बंड्या माझगावला गोदीत शिकाऊ म्हणून राबलेला आणि आता तिथंच कायम व्हायचा होता. फक्त पोलीस पडताळणी बाकी होती. योगायोग बघा, ती फाईल माझ्याच टेबलावर पडून होती. गुन्ह्यात त्याचं नाव गेलं की नोकरी गेली, इतकं साधं होतं ते.

आमच्या खबऱ्यानं त्यात भर घातली. ‘‘साहेब, तो पोरगा तिच्या मागं होता. दोन वर्षांमागं त्याच्या आईनं मागणी घातलेली. तिच्या बापानं दारातनंच परत लावलं.’’

झालं! घर सापडलं, कारण सापडलं. बंड्याला चाळीतून आणलं तेव्हा सगळी गॅलरी बाहेर उभी होती. सगळ्यांच्या नजरा मला दिसत होत्या. नाही म्हटलं तरी चाळीचा त्याच्यावर आधीपासून राग होता. त्याचं कारण मला चौकशीत कळलं.

पूर्वी त्यांचा वायफाय सगळा मजला वापरायचा. त्याची आई पासवर्ड असा द्यायची, जसं शेजारणीला विरजण द्यावं. कुणी मागितलं आणि नाही म्हटलं, असं चाळीत चालत नाही. मग क्रिकेटच्या मॅचेस सुरू झाल्या, ह्याची परीक्षा आली आणि नेट रखडायला लागलं. गणपती उठले आणि ह्यानं एके दिवशी सगळं बंद केलं. नुसता पासवर्ड बदलला नाही. ज्या फोनला तो मंजुरी देईल तेवढेच फोन जोडले जातील, अशी सोय करून टाकली. पासवर्ड माहीत असला तरी उपयोग नाही. चाळीत लोक त्या घराला शिष्ट म्हणायला लागले.

‘‘म्हणजे तुझ्या परवानगीशिवाय कुणी शिरू शकत नाही?’’ मी विचारलं.

‘‘शक्यच नाही साहेब.’’ पोरगा छाती काढून म्हणाला. ‘‘मी स्वतः केलंय. कुणीच येऊ शकत नाही.’’

‘‘मग मेसेज तूच पाठवलेस.’’

त्याचा चेहरा असा काही उतरला की विचारू नका. आपण आपल्याच हातानं दोर आवळला, हे त्याला तेव्हा उमगलं. चौकशीत आरोपी सुटायला वाटा शोधतात. कुणीही हॅक केलं असेल, पासवर्ड सगळ्यांना माहीत होता, असं काहीबाही सांगतात. हा मात्र स्वतःच सगळी दारं बंद करून बसला होता. मला तिथंच खटकलं. गुन्हेगार असा मूर्ख नसतो. मी उठलो, खिडकीशी गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. हवालदार म्हणाला, ‘‘साहेब, बसा की जरा.’’ बसवत असेल तर ना!

त्याचा फोन तपासला. त्यात काही नव्हतं. आईचा तपासला, त्यात मालवणी गाऱ्हाणी आणि देवांचे फोटो. ती बाई ठाण्याच्या बाकावर बसून एकच सांगत होती. ‘‘माझ्या झिलान काय एक करूक नाय ओ सायबानू. आणि ह्यांका गावाक कळवू नका, हार्टाचे पेशंट आसत.’’ त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला मुलीचे वडील बसलेले. अटक कधी करता, एवढंच त्यांचं पालुपद. वरून वरिष्ठांचे फोन. काय करताय, घर सापडलंय ना? च्यायला, घर सापडलं होतं, माणूस सापडत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साध्या कपड्यांत त्या खोलीत गेलो. बरोबर एक महिला शिपाई, तीही साडीत. बंड्याला आदल्या दिवशीच नोटीस देऊन घरी सोडलं होतं. त्याला म्हटलं, ‘‘घरातले सगळे फोन टेबलावर ठेव. बंद कर. माझाही घे.’’ लॉकअपमध्ये आम्ही माणसं मोजतो तसे मला फोन मोजायचे होते. सगळे बंद झाल्यावर त्यानं आपल्या कॉम्प्युटरवर वायफायची सेटिंग उघडली.

‘‘आता कितीजण जोडलेले दिसतात?’’

‘‘हा कॉम्प्युटर,’’ तो म्हणाला, आणि थांबला. ‘‘आणि अजून एक फोन.’’

‘‘कुणाचा?’’

‘‘माझाच, साहेब. जुना. पण तो तर कपाटात आहे.’’

कपाट उघडलं. फोन नव्हता. आईला विचारलं तर ती म्हणे, ‘‘माका काय ठाऊक? ह्यांनी खंय दिलो आसतलो.’’

आता बापालाच विचारायला हवं होतं. गावी फोन लावायचा तर हार्टाचा पेशंट. मी बंड्याला म्हटलं, ‘‘तो एक फोन तोड. बाकी काही करू नकोस.’’ त्यानं त्या फोनची मंजुरी काढून टाकली. मी आतल्या खोलीत पडद्यामागं उभा राहिलो. महिला शिपाई बंड्याच्या आईबरोबर मेथी निवडायला बसली. दार चाळीच्या रीतीप्रमाणं उघडंच होतं. मी वाट बघत होतो. पाय दुखायला लागले, तरी हलायची सोय नव्हती.

बराच वेळ गेला. मग दारात चपला वाजल्या.

‘‘अरे बंड्या, बघ रे जरा, नेट गेलंय माझं. सकाळपासून चांगलं चालत होतं.’’

शेजारच्या घरातली आत्या होती. तक्रारदार मुलीची आत्या. मुलीची आई लवकर गेली, तेव्हापासून तिला हिनंच वाढवलेलं. लग्नसुद्धा केलं नव्हतं. मी तक्रारीसंदर्भात त्यांच्या घरी गेलो होतो तेव्हा चहा हिनंच केला होता आणि ‘‘त्या मेल्याचे हात झडोत’’ असंही म्हणाली होती.

बंड्यानं फोन हातात घेतला, कव्हर काढलं आणि त्याचा आवाजच बदलला. ‘‘आत्या, हा तुला कुणी दिला?’’

‘‘तुझ्या बाबांनी. भाऊबीजेला ओवाळते ना मी त्याला दरवर्षी. ह्या वेळी ताटात हा घातला. तुझी आई ओरडेल म्हणून कुणाला सांगू नको म्हणाला.’’

मी पडद्यामागून बाहेर आलो. तिनं मला पाहिलं आणि फोन परत घ्यायला हात पुढे केला. बंड्यानं दिला नाही.

पंच बोलावून फोन जप्त केला. ते खोटं खातं त्यातच होतं. बंड्याच्या बापानं फोनमधलं सिमकार्ड तेवढं काढलं होतं, बाकी सगळं जसंच्या तसं. फोनला बंड्यानं पूर्वीच मंजुरी दिलेली, त्यामुळं तो शेजारच्या खोलीत बसून बिनबोभाट आत शिरत होता. बापाला नंतर विचारलं तर म्हणाला, ‘‘साहेब, मी फोन दिला. वायफाय कुठं दिलं?’’ आत्यालाही ते ठाऊक नव्हतं. नेट फोनमध्येच असतं, अशी तिची समजूत.

ठाण्यात महिला शिपायासमोर तिनं लपवाछपवी केली नाही. ‘‘मुलगा दुबईला घेऊन जाणार होता तिला. भाऊ आज आहे, उद्या नाही. मग माझं काय? लग्न मोडलं असतं तर दुसरं इथलं बघितलं असतं. मला तिचं वाईट नव्हतं करायचं.’’

‘‘आणि बंड्याला नेलं तेव्हा?’’

‘‘तेव्हा कळेना, त्याचं नाव आलं कुठनं. मग वाटलं, बरं झालं, माझ्यावर नाही आलं.’’

मला तिचा संताप आला. कीवही आली. दोन्ही एकदम येतं तेव्हा फार त्रास होतो.

मुलीला मी स्वतः सांगितलं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, ‘‘फोन वापरायला मीच शिकवलं तिला.’’ तिचे वडील माझ्याजवळ सरकून हलक्या आवाजात म्हणाले, ‘‘साहेब, हे चाळीत नको कळायला. घरातलं आहे. आम्ही बघून घेऊ.’’ तक्रार देताना टेबलावर मूठ आपटणारा माणूस हाच.

जबाबासाठी आलेला बंड्या तिथंच उभा होता. त्याला म्हटलं, ‘‘तू मोकळा आहेस. पडताळणीवर आजच सही करतो.’’

‘‘नोकरीचं झालं साहेब,’’ तो म्हणाला. ‘‘पण चाळीत कोण सांगणार? माझी आई पाण्याला गेली तरी बायका बाजूला होतात.’’

गुन्हेगार पकडला की आम्ही सांगतो. निर्दोष सुटलेल्याबद्दल दारोदार सांगत फिरायची पद्धत आमच्याकडं नाही. मुलीनं ते ऐकलं. वडिलांनी तिचा हात धरला, तो तिनं सोडवून घेतला.

संध्याकाळी मी तिच्याबरोबर चाळीत गेलो. लोक कामावरून परतले होते, गॅलरी भरलेली. ती आपल्या दाराशी उभी राहिली आणि वर्गात बोलावं तशा खणखणीत आवाजात बोलली.

‘‘सगळ्यांनी ऐका. ते मेसेज आमच्या घरातून गेले. माझ्या आत्यानं पाठवले. बंड्याचा काही संबंध नाही. त्याला नाहीतर काकूंना कुणी वाकडं बोललं, तर मी तुमच्या दारात येईन.’’

बंड्याची आई दारात उभी राहून रडायला लागली. मुलगी आत गेली. आत आत्या बसली होती, ठाण्यातूनच जामिनावर सुटून. मी बाहेरून पाहिलं. मुलीनं गॅस पेटवला आणि दोघींसाठी भात टाकला.

लग्न झालं का, असं लोक विचारतात. झालं. प्रभादेवीची माणसं समंजस निघाली. आत्यावरची केस कोर्टात उभी राहिली आणि मुलीनं साक्ष फिरवली नाही.

मी त्यातून काय शिकलो? घरात कुणाला घ्यायचं हे आपण ठरवतो, पण आधी आत घेतलेल्याचा आपल्याला विसर पडतो. हे खरंच, पण मला ह्यापेक्षा दुसरीच गोष्ट छळते. आमच्या कागदांवर आरोपीचं नाव लिहायला रकाना आहे. जो सुटला त्याचं नाव चारचौघांत मोठ्यानं घ्यायला कुठंच जागा नाही. ते काम त्या संध्याकाळी माझ्यासमोर एका मुलीनं केलं, आणि त्यासाठी तिला आपल्याच घराचं नाव घ्यावं लागलं.