अर्धा मिनिट उशिरा येणारी पब्लिक

आम्ही गोल खाल्ला आणि त्याच क्षणी आमच्याच स्पीकरमधून जल्लोष सुरू झाला. टाळ्या, शिट्ट्या, "सूपर मगा, सूपर!" अशी कन्नडमध्ये पोराला शाब्बासकी. समोरच्या टीमची पोरं आधी दचकली, मग पोट धरून हसायला लागली. आमचा गोलकीपर पीटर जाळ्यातला बॉल काढायचा सोडून स्पीकरकडे बघत उभा राहिला. कोच मारुतीअण्णांनी बाकावरून वळून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं भाषांतर मी इथे करत नाही.

स्पीकर माझा होता. वायरी माझ्या होत्या. आणि तो गोलही, खरं सांगायचं तर, माझ्याच यंत्रानं घातला होता.

मी लाइव्ह स्ट्रीमिंगचं काम करते. एका जागी चाललेला कार्यक्रम कॅमेऱ्यानं टिपायचा आणि इंटरनेटवरून लोकांच्या फोनवर पोचवायचा, एवढंच. मी मूळची कोल्हापूरची, गेली बरीच वर्षं बेंगळुरूत. कोरोनाआधी कंपन्यांचे सोहळे करायचे. महादेवपुऱ्यातल्या एखाद्या हॉलमध्ये साहेबाचं भाषण, मागे धूर, वर ड्रोन. कोरोनात ते सगळं बसलं आणि मी एचएसआर लेआउटमधल्या फ्लॅटमध्ये चार सूटकेसभर सामान घेऊन माशा मारत बसले. त्यामुळे एका फुटबॉल क्लबचा फोन आला तेव्हा मी पुढचं न ऐकताच हो म्हणाले.

क्लबचं नाव सांगत नाही, कारण तिथे अजून माझी वट आहे. शहराच्या लीगमध्ये एकाखाली एक डिव्हिजन असतात. शेवटी राहिलात की खाली घसरता. हा क्लब अशाच एका मधल्या डिव्हिजनमधला. पोरं दिवसा नोकरी करणारी. कुणी कुरिअरवाला, कुणी जिममध्ये ट्रेनर, दोघं शहराबाहेर आनेकलच्या फॅक्टरीत. लॉकडाऊनमध्ये त्यांनी गच्चीवर, जिन्यात, फोनसमोर प्रॅक्टिस केली. मग लीग पुन्हा सुरू झाली, पण स्टेडियमला कुलूप. खेळाडू, पंच आणि माझ्यासारखे चार कामाचे लोक सोडून आत कुणी नाही. क्लबच्या मालकाचा हार्डवेअरचा धंदा, तोही झोपलेला. त्यानं पोरांना स्वच्छ सांगून टाकलं होतं, "खाली गेलात तर टीम बंद. मला परवडत नाही." तो वाईट माणूस नव्हता, थकलेला होता. मी आले तेव्हा दोनच मॅचेस उरल्या होत्या. त्या दोन्हींतून किमान एक बरोबरी हवी होती.

मारुतीअण्णा बेळगावचे. पन्नाशी उलटलेली, आवाज कमावलेला, मराठीत बोलताबोलता कन्नडमध्ये शिरणारे. मी कोल्हापूरची आहे हे कळल्यावर त्यांचं "मॅडम" एका मिनिटात "पोरी" झालं.

"बघ की गं पोरी," ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "लोकांना मॅच दाखवायला तू हाईसच. पण लोकांचा आवाज हिकडं आणता येईल काय? पोरं मुक्यानं खेळालेत. मयताला आल्यागत."

"त्यात काय अण्णा, येईल की," मी म्हणाले. आमच्या धंद्यात हे वाक्य फार महागात पडतं.

या क्लबची पब्लिक म्हणजे एका वस्तीतली पन्नासेक घरं. त्यांची पुढारी सेल्वी अक्का. स्टेडियमबाहेर तिची इडलीची गाडी. मॅच सुरू झाली की गाडी बहिणीवर सोपवून ती आमच्या गोलच्या मागे उभी राहायची आणि पीटरला सूचना द्यायची. बाहेर ये, मागे जा, डावीकडे बघ. पीटरलाही त्याची इतकी सवय की तो म्हणे अण्णांपेक्षा तिचं जास्त ऐकायचा. लॉकडाऊनपासून अक्का आनेकलला लेकीकडे अडकली होती.

मी सोपी योजना केली. लोकांनी मॅच टीव्हीवर किंवा एका फोनवर बघायची, आणि दुसऱ्या फोनवरून कॉलमध्ये ओरडायचं. तो कॉल मी गोलमागच्या स्पीकरला जोडणार. आता यातली मेख सांगते. कॉलवरचा आवाज लगेच पोचतो. पण स्ट्रीमिंगचं चित्र लगेच पोचत नाही. नळाला पाणी कधी येतं कधी जातं, म्हणून आपण आधी टाकी भरून घेतो आणि मग टाकीतलं वापरतो. स्ट्रीमिंगही चित्र आधी थोडं साठवतं आणि मग दाखवतं, म्हणजे मध्येच अडकत नाही. या उशिराला आम्ही लेटन्सी म्हणतो. आमच्या कामात ती अर्धा मिनिट होती. साहेबाच्या भाषणाला अर्ध्या मिनिटानं कोणाचं काही बिघडत नाही. उलट साहेबाचं भाषण अर्ध्या मिनिटानंच काय, अर्ध्या दिवसानं आलं तरी चालतं.

फुटबॉलमध्ये काय होतं ते त्या दिवशी कळलं. गोलसमोर उंच बॉल आला, पीटरनं बाहेर येऊन तो झकास ठोसून लावला. धोका टळला. खेळ पुढे सरकला. अर्ध्या मिनिटानं अक्काला तो बॉल दिसला आणि ती स्पीकरमधून कडाडली, "पीटर, होरगे बा! बाहेर ये!" पीटर सवयीनं बाहेर आला. तेव्हा बॉल समोरच्या स्ट्रायकरच्या पायात होता. त्यानं रिकाम्या गोलमध्ये तो अलगद वरून टाकला. आणि तेवढ्यात अक्काला आधीचा ठोसा दिसला, म्हणून टाळ्या.

मॅच एक-शून्यनं गेली. आता शेवटच्या मॅचमध्ये बरोबरी झाली तरच टीम राहणार होती.

मॅच संपल्यावर मॅच कमिशनर आले. लीगच्या वतीनं नियम सांभाळणारा हा माणूस. मास्कवर आणखी एक मास्क.

"पब्लिकचा आवाज चालेल," ते म्हणाले. "पण स्पीकरमधून खेळाडूंना सूचना चालणार नाहीत. कुणाचं नाव नाही, हिकडे ये तिकडे जा नाही. पुढच्या वेळी एक शब्द आला की मी प्लग काढणार."

"सरी सर," मी म्हणाले. सरी म्हणजे बरं; माझं कन्नड संकटात नेमकं एवढंच उरतं.

अण्णा चिडले नाहीत, याचं मला जास्त वाईट वाटलं. सामान आवरायला मदत करत म्हणाले, "स्पीकर ठेवायचा की काढायचा, तू सांग. पण पोरं हाफटाइमला काय म्हणाली ठावं हाय काय? गोल खाल्ला ते ऱ्हाऊ दे, अक्काचा आवाज ऐकून बरं वाटलं म्हणाली."

मग मी आठवडाभर हात धुऊन त्या अर्ध्या मिनिटाच्या मागे लागले. टाकी लहान केली, तर चित्र अडकायला लागलं. मग स्ट्रीमिंग सोडून सगळ्यांना व्हिडिओ कॉलवरच मॅच दाखवून बघितली. त्यात उशीर नाही, पण पन्नास घरं जोडली की आनेकलच्या अक्काला पीटरच्या जागी निळे-हिरवे चौकोन दिसत. वर आणखी गंमत. कॉलचं सॉफ्टवेअर माणसाचं बोलणं ठेवतं आणि बाकीचा गोंगाट गाळतं. त्यानं आमचं तमटे गाळून टाकलं. तमटे म्हणजे आपल्या हलगीचं कानडी भावंड. वस्तीतला वाजवणारा तिकडे घामाघूम आणि इकडे स्पीकरमध्ये चिडीचूप. ते गाळणं बंद करायचं बटण सापडलं, तेवढाच काय तो फायदा.

त्या हलगीवरूनच मला सुचलं. कोल्हापुरात फुटबॉल पेठापेठांत चालतो आणि मॅचला हलगी असतेच. लहानपणी मी काकांबरोबर जायचे. आमच्या भागातला हलगीवाला सबंध मॅच मैदानाकडे पाठ करून उभा असायचा, तोंड पब्लिककडे. पुढे काय चाललंय हे त्याला दिसतच नसे. आम्ही जिंकतोय की हरतोय, त्याची हलगी आपली चालू. मी एकदा काकांना विचारलं होतं की हा मॅच का बघत नाही. काका म्हणाले, "तो बघायला लागला तर वाजवणार कोण?"

उशीर बोचतो तो प्रतिक्रियेला. जे सतत चालू आहे, ते अर्धा मिनिट मागे असलं काय नि पुढे असलं काय! मी इतके दिवस चुकीच्या नटाला पाना लावत होते.

रविवारी सगळ्या पब्लिकला कॉलवर घेतलं. अण्णा दुभाषे. मी सांगितलं, मॅच बघा, पण मॅचला उत्तर देऊ नका. शिट्टी वाजल्यापासून शेवटपर्यंत तमटे आणि गाणं. बाकी सगळं मनात.

एकदम कालवा झाला. आम्ही काय भजनी मंडळ आहोत? पंचाला शिव्या कुणी द्यायच्या? अक्का सगळ्यांचं ऐकून मग बोलली. कन्नड, तमिळ आणि हिंदीची मिसळ असते तिची.

"गोल खाल्ला तर?"

"तरी गायचं, अक्का."

"आणि घातला तर?"

"तरी तेच."

"पोरं संकटात असताना मी तोंड मिटून गाणं म्हणू?" ती म्हणाली. "त्याला काहीच सांगायचं नाही? माझा जीव जाईल."

"तुम्ही सांगितलेलं त्याला उशिरा पोचतं," मी म्हणाले. "तुम्ही आहात हे मात्र वेळेवर पोचतं."

अण्णांनी ते कन्नडमध्ये सांगायला वेळ घेतला. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग अक्का म्हणाली, "सरी. पण मॅच संपल्यावर पंचाला मी स्वल्प बोलणार." ते मी मान्य केलं.

गाणं त्यांचंच, ओळ एकच. "बा मगा, बा मगा, बॉल तगोंड बा." ये पोरा ये, बॉल घेऊन ये. कॉलवर सगळे थोडे मागेपुढे व्हायचे, पण पब्लिक सुरात गायला लागली तर मला संशय आला असता.

शेवटची मॅच दुपारच्या उन्हात होती. शिट्टी झाली, तमटे सुरू झालं आणि रिकाम्या स्टेडियममध्ये ती ओळ घुमायला लागली. कमिशनर स्पीकरशेजारी खुर्ची टाकून बसले, प्लग हाताशी. हळूहळू त्यांचा बूट ताल धरायला लागला. पहिल्या हाफमध्ये कुणीच गोल केला नाही. पोरं एकमेकांशी बोलत होती, पीटर स्वतःच्या डोक्यानं बाहेर येत होता.

दुसऱ्या हाफमध्ये आम्ही गोल खाल्ला. पीटरच्या बोटांना लागून गेला. पोरांच्या माना खाली गेल्या. स्पीकर मात्र गातच होता, कारण त्यांना अजून माहीतच नव्हतं. बा मगा, बा मगा. मी मनात सेकंद मोजायला लागले. आता त्यांना दिसणार. मैदानावर पोरंही बॉल मध्यावर नेताना स्पीकरकडे बघत होती, त्यांनाही हिशेब कळत होता. आणि मग दिसलं. गाणं मध्येच तुटलं. एक बाई "अय्यो" म्हणाली. तमटे थांबलं. मला वाटलं, संपलं सगळं.

अक्काचा एकटीचा आवाज आला. बसलेला, फाटका, पण त्याच ओळीवर. मग तमटे आलं, मग बाकीची घरं, आधीपेक्षा मोठ्यानं. मी कन्सोलवर वाकून आवाजाची पातळी बघत होते आणि मला काही दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते. पीटरनं दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या.

अगदी शेवटी कॉर्नर मिळाला. कुरिअरवाल्या पोरानं डोक्यानं बॉल आत घातला. एक-एक! पोरं एकमेकांच्या अंगावर पडली, अंतर ठेवायचा नियम गेला उडत. पंचानं लागलीच शेवटची शिट्टी दिली. टीम वाचली होती. स्पीकर शांतपणे तेच गाणं गात होता, त्यांच्या लेखी आम्ही अजून हरत होतो.

मग पोरांनी जे केलं ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ओरडणं थांबवून ती सगळी पळत गोलमागे गेली आणि माझ्या त्या काळ्या डब्यासमोर अर्धगोल करून उभी राहिली. घामेजलेली, धापा टाकत, पण गप्प. अण्णाही गेले. कमिशनर खुर्चीवरून उठले. सगळे वाट बघत होते.

आणि आला. पन्नास घरांचा गोल एकदम त्या डब्यातून फुटला. मी ठरवल्याप्रमाणे कुणी गात राहिलं नाही, सगळ्यांनी नियम मोडला आणि मी आवाज पूर्ण वर नेला. अक्का पीटरचं नाव घेऊन रडत होती. पोरं डब्याला हात लावून नाचली. कमिशनरनी प्लगकडे पाहिलंसुद्धा नाही.

मालकानं टीम ठेवली. मी आता परत साहेबांची भाषणं करते. नवीन गिऱ्हाईक आलं की सगळ्यात आधी लेटन्सी किती, असं विचारतं. मी त्याला उलट विचारते, पलीकडच्या माणसाला सल्ला द्यायचाय की सोबत? सल्ला असेल तर महागातली लाइन घ्या. सोबतीला साधी पुरते.