वाडीतले तीन मृत्यू

महिनाअखेरचा अहवाल म्हणजे माझी कायमची डोकेदुखी. पंधरा वर्षं आरोग्य सेविका आहे, पण बेरीज पहिल्या फटक्यात जुळेल तर शपथ! त्या महिन्यात मात्र जुळली, तरी मी ती तीनदा पुन्हा केली. वरंधच्या वरच्या अंगाला चाळीस उंबऱ्यांची एक वाडी आहे. तिथे वर्षाकाठी एखादा मृत्यू व्हायचा. या एका महिन्यात तीन. कारणापुढे लिहिलेलं, 'माहीत नाही'.

त्याच वाडीच्या विहिरीचं पाणी तपासून 'पिण्यास योग्य' असं मीच लिहून दिलं होतं. त्या दिवशी घरी पाहुणे यायचे होते, म्हणून घाईघाईत. आता ती घाई मला खायला उठली.

सकाळीच बिरवाडीहून स्कूटी काढली. घाट चढताना देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही, अजून फेडायचं आहे.

वाडीतल्या नोंदी आशाताई ठेवते. ती समोर दिसताच मी डाफरले, "तीन माणसं गेली आणि मला साधा फोन नाही? जुलाब झाले होते का?"

ती बघतच राहिली. "जुलाब कसले, मॅडम? दोघं म्हातारे, एक गाडीखाली आला. तिघंपण मुंबयलाच वारले. रायलाच तिकडं होते."

"मग इथे कशाला लिहिलेस?"

"दहावा हितं झाला ना! ज्याच्या दहाव्याला गाव बसतं तो आमचाच."

म्हणजे मुंबईत त्यांची नोंद झालीच असणार. एकेक माणूस दोन-दोन ठिकाणी मेला होता आणि विहिरीचा काही दोष नव्हता. "सुटले गं बाई!" मी ओरडलेच. जवळच्या ओसरीवर मटकन बसले आणि हसत सुटले.

त्या घराच्या दारात एक बाई उभी होती. गाडीखाली गेलेला तिचा मुलगा, हे आशाताईने खुणेनेच सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाणी, विहीर, अहवाल असं काहीबाही मी पुटपुटले.

तिने सगळं ऐकून घेतलं. आत जाऊन तांब्या घेऊन आली.

"बरं झालं गो बाय, गावातलं कोन नाय गेलं. घे, पी. त्याच विहिरीचं हाय."

मी तांब्या रिकामा केला. तिच्या मुलाचं नाव माझ्या नोंदवहीतून खोडायचं होतं, पण ते तिच्यासमोर जमेना. बिरवाडीला येऊन खोडलं.