एकेचाळीस आवाज

तिला रुग्णालयात सगळे कुलूपताई म्हणायचे. वय एक्कावन्न, चष्मा कपाळावर, आणि खुर्चीला पाठ टेकवताना तोंडातून निघणारा एक उसासा. मी त्याच खोलीत रुग्णांचे कागद सांभाळते, म्हणून तो उसासा मी बारा वर्षं ऐकते आहे.

आमच्याकडे गळ्याचे रोगी येतात. ज्यांचं स्वरयंत्र काढावं लागणार असतं, त्यांचा आवाज शस्त्रक्रियेआधी आमच्या स्पीच थेरपिस्ट मॅडम रेकॉर्ड करून ठेवतात. साठ ठरलेली वाक्यं असतात. पुढे त्यावरून काहींना यंत्रातून बोलणारा आवाज करून देता येतो, काहींना तो नुसता जवळ हवा असतो. ही ज्याची त्याची खासगी गोष्ट, म्हणून ते आवाज साध्या फोल्डरमध्ये ठेवत नाहीत. ते एन्क्रिप्टेड फाईल सिस्टीममध्ये असतात. बाहेरून बघाल तर एकच अगडबंब फाईल, तिच्यात वाचण्यासारखं काही नाही. किल्ली लावली की आत साडेतीन हजार फाईली. या तिजोरीची सगळी देखभाल ताईकडे.

ती काही तिजोरी हाताने उघडत नसे. त्यासाठी एक प्रोग्रॅमिंग लायब्ररी होती, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेल्या कामांचा संच. तिजोरी उघड, फाईल लिही, वाच, नाव बदल, पूस, बंद कर. ताईने आपल्या प्रोग्रॅममधून त्या त्या कामाला हाक मारायची. तिच्या सासूबाई शेजाऱ्यांना सांगत, "सून लायब्ररीत असते." एकदा एक शेजारीण दारात उभी राहून विचारून गेली, नवीन कादंबऱ्या घरी आणता येतात का. ताईने ही गोष्ट मला सांगितली तेव्हा ती हसली नव्हती. "समजावायचं त्राण नव्हतं," म्हणाली. "सध्या नाहीत, असं सांगितलं."

चौदा वर्षं तिने ते आवाज सांभाळले आणि एकही ऐकला नाही. नियमच तसा. तिला फक्त नाव, आकार आणि तारीख दिसायची.

मग लायब्ररीची नवी आवृत्ती आली. जुनी आवृत्ती आता कुणी सांभाळणार नव्हतं, म्हणून सगळ्या फाईली जुन्या तिजोरीतून नव्या तिजोरीत हलवायच्या होत्या. ताईने प्रोग्रॅम लिहिला. काम चार दिवस चाललं. तिने दोन्हीकडच्या फाईली मोजल्या, नावं ताडून पाहिली, सगळं जुळलं. नियमाप्रमाणे जुन्या तिजोरीची किल्ली आणि जुन्या प्रती नष्ट केल्या आणि कागदावर सही केली. तो कागद माझ्याच कपाटात आहे.

तीन आठवड्यांनी सकाळी थेरपिस्ट मॅडम आमच्या खोलीत आल्या. "ताई, ते बसचालक काका आलेत ना, त्यांची फाईल उघडत नाहीये."

ताईने पाहिलं. नाव होतं, फाईल होती, पण लायब्ररी ती वाचायलाच तयार नव्हती. ताईने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि सगळ्या फाईली एकेक करून उघडून पाहणारा प्रोग्रॅम चालवला. दुपारी उत्तर आलं. एकेचाळीस फाईली उघडत नव्हत्या.

तिने आपला प्रोग्रॅम ओळीओळीने वाचून काढला. मग मला म्हणाली, "माझंच चुकलंय."

चूक एका ओळीची होती. लायब्ररी फाईल तुकड्यातुकड्याने लिहिते आणि शेवटचा तुकडा हातात धरून ठेवते. 'बंद कर' म्हटलं की तो तुकडा लिहून त्यावर शिक्का मारते. जुनी आवृत्ती न सांगता बंद करायची, नवी करत नव्हती. ताईने सगळीकडे 'बंद कर' लिहिलं होतं; फक्त ज्या फाईलींची नावं फार लांब होती, त्यांची वाट प्रोग्रॅममध्ये वेगळी होती, आणि त्या वाटेवर ती एक ओळ राहून गेली. शेवटचा तुकडा लिहिला गेलाच नाही. आणि शिक्का नाही म्हणजे कुणीतरी छेडछाड केली असणार, असं समजून लायब्ररी अख्खी फाईल नाकारत होती.

"मोजलं, पण उघडून नाही पाहिलं," ताई म्हणाली. "डबे मोजले, झाकणं नाही काढली."

ती त्याच दुपारी रुग्णालय प्रमुखांकडे गेली. परत आली तेव्हा मी विचारलं, काय म्हणाले.

"बसा म्हणाले. मी उभीच राहिले. मग म्हणाले, आधी दुरुस्त करा, बाकीचं नंतर बघू."

पुढचे अकरा दिवस ती शिक्क्याला वळसा घालून फाईली वाचायची धडपड करत होती. लायब्ररीच्या तळाशी काही कामं असतात, ज्यांना सहसा कुणी हाक मारत नाही. त्यातलं एक काम एकेक तुकडा सुटा उलगडून देत होतं. प्रत्येक तुकड्याचं कुलूप वेगळं, म्हणून शेवटचा हरवला तरी आधीचे शाबूत होते. पण जोडलेलं नीट जुळलंय की नाही, हे कळायला ऐकावं लागणार होतं. प्रमुखांनी लेखी परवानगी दिली.

अशी ती पहिल्यांदा आवाज ऐकायला बसली. कानाला हेडफोन, समोर वही. साठ वाक्यं, माणसामागून माणूस. "आज हवा छान आहे. दार लावून घे. मला पाणी हवं आहे." तीच वाक्यं, पुन्हा पुन्हा. पहिल्या दिवशी मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही, फक्त थकत गेली. मधेच हेडफोन काढून मान दाबत बसायची.

"एक मास्तर आहेत," एकदा म्हणाली, "प्रत्येक वाक्य दोनदा म्हणतात. वर्गात म्हणायची सवय असणार. आणि बसचालक काका 'दार लावून घे' एवढंच वाक्य जोरात म्हणतात."

मी हसले. तीही थोडी हसली.

घरी तिला बोलणं नको व्हायचं. सासूबाईंनी विचारलं, "बरं नाही का?" तर ती म्हणाली, "दिवसभर ऐकून कान भरलेत, आई." सासूबाईंनी टीव्ही बंद केला आणि आठवडाभर लावला नाही. एवढं मोठं मन त्या क्वचितच दाखवत, असं ताईच म्हणाली.

चाळीस फाईली परत आल्या. प्रत्येकीतले शेवटचे दहा-बारा सेकंद गेले होते, म्हणजे साठावं वाक्य आणि फार तर एकोणसाठावं. मॅडमनी ज्याला त्याला ते सांगितलं. लोकांनी समजून घेतलं. काकांच्या बायकोने विचारलं, "साठावं कुठलं होतं?" "उद्या भेटू," मॅडम म्हणाल्या. ती म्हणाली, "ते तसं कधी म्हणतच नव्हते. चालेल."

एकेचाळिसावी फाईल आली नाही. ते रेकॉर्डिंग नऊ सेकंदांचं होतं. त्यात एकच तुकडा, आणि तोच शेवटचा. तो कधी लिहिलाच गेला नव्हता.

ते एका शिवणकाम करणाऱ्या मावशींचं होतं. साठ वाक्यं म्हणायला त्यांनी नकार दिला होता; गळा दुखतो, म्हणाल्या होत्या. लेकीने फार गळ घातली तेव्हा एक वाक्य बोलल्या आणि उठल्या. शस्त्रक्रिया होऊन सहा महिने झाले होते.

मॅडम म्हणाल्या, "मी पत्र पाठवते."

"पत्र नको," ताई म्हणाली. "मी जाते." आणि मला म्हणाली, "सोबत येशील?"

दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. खिडकीशी शिवणयंत्र, सुतळीने बांधलेली कापडांची गाठोडी, जमिनीवर चिंध्या. मावशी यंत्रावर होत्या, गळ्याला रुमाल. लेकीने आम्हाला बसवलं. ताई इकडचं तिकडचं काही बोलली नाही. काय झालं, कुणाच्या हातून झालं, ते तिने सरळ सांगितलं.

लेक उभीच होती. "म्हणजे गेलं?"

"गेलं."

"मी ते घरी नेऊ का विचारलं होतं. तुमच्याकडे सुरक्षित राहील म्हणालात."

"हो. आम्ही म्हणालो होतो."

"मग कशाला आलात? माफी मागायला? ती घेऊन मी काय करू?"

मावशींनी यंत्र थांबवलं, पाटी ओढली आणि खडूने लिहिलं. आधी लेकीला दाखवलं, मग आम्हाला. 'पुरे आता. त्यांना पाणी दे.'

लेक आत गेली. मावशींनी पाटी पुसून पुन्हा लिहिलं. 'मी काय बोलले होते?'

ताई म्हणाली, "मला माहीत नाही, मावशी. आम्हाला ऐकायची परवानगी नसते. मॅडमना विचारलं, पण त्यांनाही आठवत नाही."

मावशींनी खांदे उडवले. लिहिलं, 'मलाही नाही.' लेक पाणी घेऊन दारात आली होती. ती म्हणाली, "मला आहे ना पाठ. 'झालं का तुझं? चल, उशीर होतोय.' असं म्हणाली होती. माझ्यावरच वैतागून." आणि ती तोंड फिरवून चिंध्या गोळा करायला लागली.

मावशींनी लेकीचा दंड धरून तिला शेजारी बसवलं. आम्ही पाणी पिऊन निघालो.

प्रमुखांनी तिला लेखी ताकीद दिली. ती मीच फाईलला लावली. ताईने प्रोग्रॅम बदलला. आता तो लिहिलेली प्रत्येक फाईल उघडून शेवटपर्यंत वाचून बघतो, मगच मूळ प्रत पुसतो. त्याने काम तिप्पट हळू झालंय, अशी तक्रार येते. ती ऐकून घेते.

आणि रेकॉर्डिंगच्या दिवशी ती मॅडमच्या खोलीबाहेर बसते. रोगी बाहेर आला की फाईल तिजोरीत जाते, परत उघडते, आणि शेवटचं वाक्य त्यालाच ऐकवतात. घरी न्यायला एक प्रत देतात. ताई यादीवर खूण करते, उसासा सोडते आणि पुढच्याला आत जायला सांगते.