कचरूच्या बोटीची मागची फळी

तुमच्या घरात बाई अडली, तर दवाखाना किती लांब आहे? किलोमीटर नका सांगू, वेळ सांगा. कचरू भोयाला हे कुणी विचारलं की तो उलट विचारायचा, "कोणत्या महिन्यात?"

त्याची वस्ती घनसावंगी तालुक्यात, गोदावरीला खेटून. पुढं नदी, मागं मोठा नाला. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले की नदीचं पाणी नाल्यात उलटं शिरतं आणि वस्ती मधल्या मधे अडकते. कुंभार पिंपळगावचा दवाखाना एरवी तासाभराच्या वाटेवर. त्या दिवसांत तो काशीइतका लांब. पंचाण्णव साली अशाच पाण्यात कचरूची बायको उषाबाई रक्त जाऊन गेली, आणि गेली ती कचरूच्याच लाकडी नावेत. तीस वर्षं वल्ही मारलेला माणूस, पण त्या दिवशी धारेनं नाव अर्धा कोस खाली ओढून नेली. काठाला लागेपर्यंत उषाबाईचा हात गार पडला होता.

वस्तीनं तोवर नऊ अर्ज दिले होते. पूल द्या, न्हाईतर एक मोटरबोट द्या. प्रत्येक अर्जावर पोचेचा शिक्का आहे, निळा, ठसठशीत. शिक्क्यावर बसून नाला ओलांडता येत असता तर वस्ती कधीच दवाखान्यात पोचली असती.

मग कचरूनं स्वतःच बोट शोधली. एका सरकारी गोदामामागं फायबरची जुनी मोटरबोट पालथी पडली होती. पुरासाठी आणलेली, पुरात कधी कुणी बाहेर काढली नाही, तिच्या सावलीला शेळ्या बसायच्या. भंगाराच्या लिलावात त्यानं ती तिच्या सुट्या, बंद इंजिनासकट उचलली आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून वस्तीवर आणली. पोटाला हातभर चीर, आणि मागच्या फळीला, जिथं इंजिन लटकतं तिथं, चार उघडी भोकं.

शेजारचा सर्जेराव, नुकतंच लग्न झालेला, ट्रॉलीभोवती फिरून म्हणाला, "कचरूभौ, ढोरांना पाणी पाजायला हौद आणला का?"

"न्हाई रे. तुझ्या बायकोचं डोहाळजेवण करायचंय हिच्यात."

सगळे हसले. सर्जेरावची बायको कांताबाई पदरात तोंड लपवून आत पळाली.

नवीन जालन्यात गिरधारीलाल नावाचे व्यापारी फायबरचे कूलर बनवून विकायचे. कचरू एसटीनं त्यांच्याकडं गेला.

"सेठ, बोट जोडायचीय. कमी खर्च्यात."

"कमी खर्च्यात कूलर होतो, कचरूभाऊ. बोट नाही होत."

"कूलर फुटला तर माणसाला घाम येतो सेठ. बोट फुटली तर माणूसच जातो. मंग जास्तीचा खर्चा कुणी करायचा? मी का सरकारनं?"

सेठ उठून आत गेले. काचेच्या धाग्यांच्या मॅटच्या उरलेल्या कातरणी त्यांनी फुकट दिल्या, चिकट रेझिन तेलाच्या जुन्या डब्यात भरून दिलं, ते घट्ट करणारं हार्डनर वेगळ्या बाटलीत. वरून बजावलं, "एक बात बराबर ध्यानात ठेव. लावायच्या आधी बोट बिलकुल सुकी पाहिजे. महिनाभर ऊन दे तिला. ओलीवर लावलंस तर वरून चकाचक आणि आतून सडणार."

"सेठ, मी भोई हाय. नावेचं मला शिकवून राह्यले का?"

तिथंच घोळ झाला. भोयांची रीत अशी की लाकडी नाव उन्हाळ्यात कोरडी पडली म्हणजे फळ्या आकसतात, सांधे उघडतात. मग वापरायच्या आधी नावेत दगड भरून तिला आठ दिवस डोहात बुडवून ठेवायची. लाकूड पाणी पितं, फुगतं, फटी आपोआप मिटतात. कचरूच्या आज्यानं केलं, बापानं केलं. कचरूनंही केलं. "आधी पाणी पिऊ द्या तिला," म्हणाला, "मंग कळंल किती गळती." फायबरला कसली तहान? पण मागच्या फळीच्या पोटात लाकूड होतं, दोन्ही अंगांनी फायबरनं मढवलेलं. त्या चार भोकांतून ते आठ दिवस पीत राहिलं.

वर काढल्यावर वैशाखाचं ऊन. दोन दिवसांनी त्यानं हात फिरवला, कोरडी ठणठणीत. मग घासायला बसला. काचेची पूड कातडीत शिरून अंगाची आग व्हायची, खोबरेल चोळून तो पुन्हा बसायचा. पहिल्यांदा हार्डनर जास्त पडलं आणि रेझिन डब्यातच दगड झालं. दुसऱ्यांदा जमलं. चिरेवर मॅटचे पाच थर दिले, मागची भोकं बुजवून वरून असा जाड लेप दिला की पाणी आत जाणार नाही. आतलं बाहेरही येणार नव्हतं. पिंपळगावच्या मोटारसायकलच्या मिस्त्रीनं इंजिन उघडून रॉकेलवर चालतं केलं आणि मागच्या फळीला शिकंज्यानं आवळलं.

दोन पावसाळे बोट चालली. साप चावलेला गडी वाचला, तापानं फणफणलेली पोरं वेळेत पोचली. वस्ती कचरूला तात्या म्हणायला लागली. जुनी नाव त्यानं फोडून गोठ्याला फळ्या मारल्या, वल्ही चुलीत घातली. ज्या नावेत उषाबाई गेली ती त्याला डोळ्यांपुढं नको होती.

अठ्ठ्याण्णवच्या भाद्रपदात, सकाळी दहाच्या सुमारास, कांताबाईला कळा सुरू झाल्या. नाला दोन्ही काठ सोडून वाहत होता. कचरू इंजिनवर, सर्जेराव बायकोचं डोकं मांडीवर घेऊन. मध्यावर धार लागली तसं कचरूनं इंजिनाला जोर दिला. पाठीमागं कर्रकन आवाज झाला आणि ओल्या भाकरीचा तुकडा मोडावा तशी फळी मोडून आली. इंजिन पाण्यात गेलं. उरलेल्या फळीतून काळा भुगा गळत होता.

बोट वाहत जाऊन बाभळीच्या शेंड्यात अडकली. पाणी भरलेल्या बोटीत, कंबरभर पाण्यात चार तास. मुलगी तिथंच झाली आणि रडली नाही. सर्जेरावनं तिला रुमालात गुंडाळलं. ट्रॉलीपाशी झालेली ती थट्टा त्याला आणि कचरूलाही आठवली असेल. दोरखंड टाकून लोकांनी त्यांना ओढलं तेव्हा कांताबाई जिवंत होती, एवढंच.

फळीचा तुकडा घेऊन कचरू जालन्याला गेला. सेठच्या टेबलावर ठेवला. गिरधारीलालांनी बोटानं दाबला, तो आत गेला.

"सुकवली नव्हती ना?"

"आठ दिवस बुडवली होती सेठ. मीच."

सेठनी पाणी मागवलं. कचरूनं ग्लासाला हात लावला नाही.

नऊ अर्जांना उत्तर न देणाऱ्या कचेरीतून पंधरवड्यात नोटीस आली, विनापरवाना माणसं वाहिल्याची. जबाब द्यायला कचरू उभा राहिला. "चूक माझी हाय, लिहा. पण मंग हेबी लिहा, की भंगारातली बोट एका भोयाला का जोडावी लागली." कारकुनानं पहिलं वाक्य लिहिलं, खाली अंगठा घेतला.

कचरू आता थकलाय. तरी उन्हाळ्यात काठाकाठानं चालत जातो आणि दिसेल त्या फायबरच्या बोटीच्या मागच्या फळीवर मुठीनं ठोकतो. लोक त्याला येडा म्हणतात. सर्जेराव अजून त्याच्याशी बोलत नाही.

तुमच्या गावाला नदी असेल, घाटावर अशी बोट असेल, तर उद्याच जा आणि तिच्या मागच्या फळीवर ठोकून पाहा. आवाज बद्द आला तर तिच्यात कुणालाही बसू देऊ नका. आणि ज्या कचेरीनं धड बोट द्यायची, तिच्या दारात जाऊन बसा. बोट आल्याशिवाय उठू नका.