कृष्णनाथच्या चॅनेलवरची बक्षिसं

आमच्या चोपडे गावात कृष्णनाथला कोणी कृष्णनाथ म्हणत नाही. ‘केबल आला होता’, ‘केबलला फोन लाव’, अशीच भाषा. पंचवीसेक वर्षांपूर्वी त्याने माडांवरून, काजूंवरून, कुणाच्या न्हाणीघराच्या पत्र्यावरून वायर ओढत घरोघरी टीव्ही पोचवला, तेव्हापासून हे नाव त्याला चिकटलं आहे.

मी या गावच्या शाळेत मास्तर होतो. कृष्णनाथबद्दल लिहायचा मला खरं तर अधिकार नाही, कारण दोन वर्षांपूर्वी त्याचा टीव्हीजवळचा सेट-टॉप बॉक्स, आमच्या भाषेत डबा, परत करणाऱ्यांत मीही होतो. मुलाने मोबाईलच्या रिचार्जबरोबर एक अ‍ॅप फुकट मिळवून दिलं, आणि मला वाटलं, आता केबलला पैसे कशाला मोजा. सहा महिन्यांनी फुकट संपलं. मग क्रिकेट दुसऱ्याच अ‍ॅपवर गेलं, म्हणून ते घेतलं. बायकोची मालिका तिसऱ्यावर. मग पहिल्याने दर वाढवला आणि वर जाहिरातीही घुसवल्या. आज मी केबलच्या तिप्पट पैसे भरतो आणि संध्याकाळी अर्धा तास नुसता काय बघावं ते शोधत बसतो. शहाणपण म्हणतात ते हेच असावं.

कृष्णनाथचा दर मात्र सगळ्यांना सारखा होता, आणि ज्या घरात सुतक असेल त्या घराला त्या महिन्यात अर्धा. टीव्ही बंद असतो तर पैसे कसले घ्यायचे, असा त्याचा सरळ हिशेब. त्याचं स्वतःचं एक गावचॅनेल होतं, आजही आहे. त्यावर काय लावायचं ते तो वाड्यावाड्यातली परिस्थिती बघून ठरवायचा. दहावीच्या परीक्षा चालू असल्या की संध्याकाळी सिनेमा नाही. माझ्या शेजारच्या पद्मावतीबाईंचे यजमान वारले तेव्हा दहा दिवस त्याने चॅनेलवर एक गाणं वाजू दिलं नाही. फक्त भजनं लावली. माझं अ‍ॅप मला ‘तुमच्यासाठी खास’ म्हणून दर शुक्रवारी खुनाच्या गोष्टी दाखवतं. मी एकदाच एक बघितली होती, तीही झोप येईना म्हणून.

पण त्या चॅनेलची खरी श्रीमंती म्हणजे नाटकं. आमच्या पेडणे तालुक्यात देवळाच्या वर्धापनदिनाला गावातलीच माणसं नाटक करतात. बसचा कंडक्टर राजा होतो, पंचायतीतला कारकून राक्षस. आणि नाटक रंगात आलं की मध्येच थांबतं. प्रेक्षकांतून चिठ्ठी येते आणि माइकवरून बक्षीस जाहीर होतं: अमक्यांकडून तमक्या पात्राला अकरा रुपये. तलवार उगारलेला राजा तलवार खाली ठेवतो, पुढे येऊन पाकीट घेतो, नमस्कार करतो आणि पुन्हा तलवार उगारतो. आमच्या गावात ही बक्षिसं वाचायचं काम तीस वर्षं माझ्याकडे आहे. कृष्णनाथने बावीस वर्षं आसपासच्या गावांतली अशी नाटकं कॅमेऱ्यावर घेतली आणि रविवारी चॅनेलवर लावली.

तीनशेच्या वर घरं होती त्याच्याकडे. गेल्या पावसाळ्यानंतर एकसष्ट उरली. तेवढ्यांवर चॅनेल चालवणं म्हणजे पदरमोड. तो बंद करायच्या विचारात असतानाच पणजीच्या एका नव्या अ‍ॅपवाल्या कंपनीने त्याला बोलावलं. मोठ्या अ‍ॅपांशी टक्कर द्यायची तर त्यांच्याकडे नाही ते आपल्याकडे हवं, असं त्यांचं म्हणणं. सेजल नावाची एक हुशार मुलगी तिथे आहे. लोकांना काय दाखवायचं ते निवडणं हेच तिचं काम. तिने कृष्णनाथने घेतलेल्या एकशे चाळीस नाटकांतली बारा निवडली, त्यातली बरीचशी आमच्याच गावची. पैसे बरे देऊ केले. त्या पैशांत कृष्णनाथची मुलगी ऋतिका पुढे शिकली असती. अटी दोन. बक्षिसांचे सगळे तुकडे कापायचे, कारण नाटक मध्येच थांबलं की लोक बघायचं सोडून जातात, असं त्यांचा आलेख सांगतो. आणि सही झाली की एकशे चाळीसच्या एकशे चाळीस नाटकं कंपनीची. गावचॅनेलवर त्यातलं काही लावायचं नाही.

“सर, सही करतलंय,” तो मला म्हणाला. “आता कोण बघता माझा चॅनेल?”

मीच बघत नव्हतो.

ऋतिकाने कॉम्प्युटरवर बक्षिसं कापायला घेतली. कापलेले तुकडे फेकवेनात, म्हणून कृष्णनाथने ते एकापुढे एक जोडून एका पेनड्राइव्हवर ठेवले. बारा नाटकांतली पावणेदोन तासांची नुसती बक्षिसं. आणि सहीच्या आदल्या रविवारी, चॅनेलवरचं शेवटचं नाटक म्हणून त्याने घाईघाईत भलताच पेनड्राइव्ह लावला आणि एका घरी वायर दुरुस्त करायला निघून गेला.

मी घरी तिसऱ्या अ‍ॅपचा पासवर्ड शोधत होतो. तेवढ्यात शेजारून, पद्मावतीबाईंच्या घरातून, माझा आवाज ऐकू आला. बावीस वर्षांपूर्वीचा, खणखणीत. मी उठून तिकडे गेलो. खोलीत पंधरावीस माणसं होती, त्यात डबा परत केलेलेच जास्त. पडद्यावर नाटक असं नव्हतंच. एक राजा वाकत होता, पाकीट घेत होता. मग दुसऱ्या वर्षीचा राजा. आणि माझा आवाज नावं घेत होता. त्यातली निम्मी माणसं आज नाहीत. पद्मावतीबाईंच्या यजमानांचं नाव आलं, पाच रुपये. पुढच्या वर्षी पुन्हा, अकरा रुपये. मग एकवीस. एका वर्षी कॅमेरा प्रेक्षकांकडे वळला आणि ते स्वतःच दिसले, टोपी सारखी करत. बाई म्हणाल्या, “बघा, माका कधी सांगूक नाय. मी म्हणी, भाजीक दिल्लले पैसे खंय जातत.” आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला. मलाही राहवलं नाही.

कृष्णनाथचा फोन वाजत राहिला. चूक कळल्यावर तो धावत आला, पेनड्राइव्ह काढायला. लोकांनी त्याला हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी तो पणजीला गेला, मीही बरोबर होतो. त्याने सेजलला विचारलं, बक्षिसं ठेवली तर चालेल का. नाही. मग नुसती बक्षिसं मी माझ्या चॅनेलवर लावली तर? तिने वरच्यांना विचारलं. तेही नाही. पोरीला वाईट वाटत होतं हे दिसत होतं. ती समजावून सांगू लागली, “काका, नाटक थांबलं की लोक जातात.”

“आमच्याकडे थांबला की लोक सरसावून बसतत, बाय,” तो म्हणाला, आणि सही न करता कागद परत दिले.

परतीच्या बसमध्ये त्याला एकच काळजी, ऋतिकाला काय सांगायचं. ती मात्र बापाचीच मुलगी निघाली. लग्नांच्या चित्रीकरणाची कामं घेते आणि शिकते. गाव त्याच्याकडे परत धावलं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. नऊ घरांनी डबा परत घेतला, त्यातलं एक माझं. अ‍ॅपही आहेतच, क्रिकेट सुटत नाही. चॅनेल कसंबसं चाललं आहे.

यंदाच्या नाटकात बसचा कंडक्टर सुदेश राजा होता. दरबार भरला होता आणि तो कुणाला तरी देशोधडीला लावणार, तोच माझ्या हातात चिठ्ठी आली. वाचताना मी अडखळलो. कै. यजमानांच्या स्मरणार्थ पद्मावतीबाईंकडून, कॅमेऱ्यामागे उभे असलेले कृष्णनाथ यांना एकशे एक रुपये.

असं बक्षीस याआधी कधी जाहीर झालं नव्हतं. सुदेश थांबला. कॅमेरा चालू, म्हणून कृष्णनाथला जागा सोडता येईना. शेवटी राजाच पाकीट घेऊन, सोवळं सावरत, पायऱ्या उतरून चटयांवरच्या माणसांमधून त्याच्याकडे आला. चित्रणात ते सगळं आहे. राजा मोठा मोठा होत जातो, शेवटी पडदाभर नुसती त्याची मोत्यांची माळ. आणि पाठून कृष्णनाथचा आवाज येतो, “राजा, जरा बाजूक सर. नाटक दिसणा नाय.”

बावीस वर्षांच्या चित्रणात त्याचा स्वतःचा आवाज तेवढाच आहे, आणि तो रडवेला आहे.