शेवटच्या झाडाचं पाणी

नव्या शेतात ठिबक जोडायला गेलं की मालक काकांना आधी विहीर दाखवायचा, मग मोटार, मग फिल्टर. ते मान हलवायचे आणि विचारायचे, "शेवटचं झाड कुठंय?" पार कोपऱ्यातल्या त्या झाडापर्यंत चालत जायचे, उकिडवे बसायचे, काळी नळी अंगठा आणि तर्जनीत धरायचे आणि डोळे मिटायचे. जरा वेळानं म्हणायचे, "इथवर जीव हाय." किंवा, "इथं जीव न्हाई." दाब मोजायचं मीटर त्यांच्या पिशवीत असायचं, पण ते मालकाच्या समाधानापुरतं.

ठिबकच्या नळ्या जोडणारा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. आमच्या भागात मोसंबीच्या बागा भरपूर, त्यामुळे परतूरपासून आष्टीपर्यंत त्यांना ओळखत नाही असा शेतकरी कमी. परतूरला त्यांचं घर आमच्या घराला पाठ लावून होतं. मध्ये छातीएवढी भिंत. मी त्यांना काका म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला काकू.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. जालन्याच्या कॉलेजातल्या मॅडमनी शेवटच्या वर्षी मला प्रकल्प दिला, तो घरी कोणाला सांगता येईना. हृदय सगळ्या शरीराला रक्त देतं, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त पुरवायला वेगळ्या बारीक नळ्या असतात. त्या नळ्या संगणकात उभ्या करायच्या आणि त्यांतून रक्त कसं वाहतं ते काढायचं. खरं सांगायचं तर मलाही ते नीट कळलं नव्हतं. एका सुट्टीत मी वही घेऊन भिंतीजवळ बसलो होतो, तेव्हा काकांनी पलीकडून विचारलं की काय करून राह्यला. मी अडखळत सांगितलं.

ते म्हणाले, "हे तर आमचंच काम झालं की." आणि मोठी नळी, तिच्या फांद्या, मध्ये कचरा अडकला की पुढं दाब कसा पडतो, हे त्यांनी मला खडूनं भिंतीवर काढून दाखवलं. पुस्तकाची चार पानं मला त्या दिवशी समजली. नळ्यांत क्षार साचला की ते ॲसिड सोडून साफ करायचे. माणसाला तसं करत नाहीत का, असं त्यांनी विचारलं. माणूस मरेल, असं मी म्हणालो.

"मंग तुमचा धंदा अवघड हाय," ते म्हणाले.

त्यानंतर दर सुट्टीला भिंतीवरून चौकशी व्हायची. "काय साहेब, हृदयाला पाणी सुटलं का?" काकू आतून ओरडायच्या की पोराला अभ्यास करू द्या. मला ते साहेब म्हणणं आवडायचं, हेही कबूल करायला हवं. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

त्या वर्षी नळीचं बंडल खांद्यावर घेतलं की त्यांच्या छातीत दडपायला लागलं. काकूंनी त्यांना ओढूनच जालन्याला नेलं. तपासणी झाली, नळ्यांची चित्रं निघाली. डावीकडची मुख्य नळी एका जागी फार अरुंद झाली आहे, आठ दिवसांत बायपास करून घ्या, असं डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर काकांनी मला भिंतीपाशी बोलावलं.

"बायपास म्हंजी बाजूनं नवी लाइन, एवढंच ना? मला समजतंय. पण आपण माती उकरतो, हे छाती उकरणार."

ते हसले, पण हात भिंतीवर घट्ट होता. मग खिशातून तपासणीची सीडी काढून त्यांनी माझ्यापुढं धरली. तुझ्या कंप्युटरमध्ये घालून बघ, म्हणाले, त्याला कात्री चालवायची नसते, तो खरं सांगेल.

मी नको म्हणायला हवं होतं. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की हे शिकण्यापुरतं आहे, यावरून कोणाच्या दुखण्याबद्दल बोलायचं नाही. मी सीडी घेतली. दोन बाजूंनी काढलेल्या चित्रांवरून त्यांची नळी संगणकात उभी केली, अरुंद जागेसकट. पाच दिवस लागले. उत्तर आलं, त्यात सगळ्या फांद्यांच्या टोकापर्यंत रक्त पोचत होतं. मला इतका आनंद झाला की मी लगेच फोन केला.

"शेवटपर्यंत पोचतंय, काका."

"शेवटच्या टोकाला? बराबर बघितलं?"

"हो. बघितलं."

डॉक्टरांनाही विचारा, असं मी पुढं पुटपुटलो. ते त्यांना ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही. मोठ्यानं म्हणालो नाही, एवढं माहीत आहे.

आठ दिवस गेले, पंधरा गेले. काका गोळ्या घेत होते आणि कामावर जात होते. तिसऱ्या आठवड्यात मी मॅडमना प्रकल्प दाखवत होतो, त्यात काकांचीच नळी होती. रुग्ण कोण ते मी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांनी चित्र पाहिलं आणि साधा प्रश्न विचारला. फांद्यांच्या टोकांना तू काय दिलं आहेस?

गणित सोडवताना संगणकाला टोकाशी काहीतरी सांगावं लागतं. मी प्रत्येक टोकाला निरोगी माणसाचा प्रवाह भरला होता. म्हणजे रक्त पोचतं आहे असं मीच आधी लिहिलं होतं आणि संगणकानं मला तेच परत दाखवलं होतं. दाबाचं चित्र मी उघडलंही नव्हतं. मॅडमनी ते उघडलं. अरुंद जागेच्या अलीकडं सगळं लाल होतं. पलीकडं निळं, म्हणजे दाब पडलेला.

मी बाहेर येऊन फोन लावला. काकांचे हात चिखलात असले की ते फोन घेत नसत. सात वेळा लावला. मग काकूंना लावला, तर त्या म्हणाल्या, "ते तर सकाळीच आष्टीला गेले. काऊन रे?" मी म्हणालो, सहज. त्यांनाही मी तेव्हा खरं सांगितलं नाही.

जालन्याहून परतूरची गाडी मिळाली. पाऊण-एक तासाचा प्रवास असेल. मी दारात उभा राहून फोन लावत होतो. परतूरला उतरून आष्टीची काळीपिवळी जीप धरली. ती भरेपर्यंत ड्रायव्हर हलेना, तर मी रिकाम्या जागांचंही भाडं देतो म्हणालो. बाकीचे लोक माझ्याकडं बघायला लागले.

बागेत पोचलो तेव्हा काका दोन ओळींमधून येत होते. खांद्यावर बंडल होतं. मी पळत जाऊन ते ओढून घेतलं.

"अरे, तू कधी आलास?"

"काका, माझं चुकलं. प्रत्येक टोकाला रक्त पोचतंय असं मीच आधी भरलं होतं."

 काकांच्या कपाळावर घाम होता. ऊन होतं, पण तेवढं नव्हतं.

"म्हंजी मोटार सुरू करायच्या आधीच तू वहीत लिहिलं, शेवटच्या झाडाला चार लिटर."

"हो."

"मंग पोचलेलं दिसणारच की, येड्या." आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. "आन् खरं काय हाय?"

"अरुंद जागेच्या पुढं दाब न्हाई."

ते खाली बसले. म्हणाले की दोन ओळी राहिल्यात, जल्दी उरकतो, मग जाऊ. मी आयुष्यात कोणा मोठ्या माणसावर ओरडलो नव्हतो.

"बिलकुल न्हाई. आत्ता."

मालकानं पिकअप काढली. परतूरला काकूंना घेतलं. वाटूरच्या पुढं काकांनी छाती दाबून धरली आणि बोलणं बंद केलं. काकू त्यांचं नाव कधी घेत नसत. त्या दिवशी जालना येईपर्यंत त्या एकसारखं नावच घेत होत्या.

दवाखान्यात धावपळ झाली. डॉक्टर तेच होते. त्यांनी कागद पाहिले आणि स्ट्रेचरवरच्या काकांना विचारलं की तीन आठवडे कुठं होतात? मी पुढं झालो, "साहेब, मी..."

काकांनी माझं मनगट धरलं. नळी धरायचे तसं नाही, चांगलं घट्ट.

"मोसंबीची कामं व्हती, साहेब," ते म्हणाले. "सोडवत न्हवती."

काकू शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं.

ऑपरेशन झालं, काका वाचले. पण वाटेत आलेल्या झटक्यात हृदयाचा एक भाग कमजोर झाला होता. वेळेवर आला असतात तर, एवढंच म्हणून डॉक्टर थांबले. काका नंतर दीड वर्ष होते. ओझं उचलायची मनाई, म्हणून कामं बंद. ओट्यावर बसून रस्त्यानं जाणाऱ्या शेतकऱ्यांना ते फिल्टर धुतला का म्हणून दटावायचे. मी एकदा धीर करून विचारलं की तुम्ही खोटं का बोललात.

"तुला डॉक्टर कोण म्हणलं व्हतं? मला जे ऐकायचं व्हतं ते मी तुला इचारलं," ते म्हणाले. आणि लगेच, "काकूला सांगू नको. ती तुला भाकर वाढते, तिचा हात थांबंल."

गेल्या हिवाळ्यात ते गेले.

काकू आलेल्या प्रत्येकाला सांगतात, लई हट्टी माणूस, डॉक्टरचं ऐकलं न्हाई, कामापायी जीव घालवला. परवा माझ्यासमोर सांगत होत्या. माझ्या ताटात भाकरी होती. मी खाली मान घालून जेवलो.

काकांनी सांगू नको म्हटलं होतं, ते मी हे लिहून मोडतो आहे. काकूंना वाचता येतं, चष्मा लावून एकेक ओळ सावकाश वाचतात. तुमच्या हातात हे पडेल त्याआधी त्यांनी वाचलेलं असेल. त्यांचं वाचून होईपर्यंत मी दारातच उभा राहणार आहे.